उडदावरून जाणारी गाडी

कार्तिक सरत आला की मी सकाळी अंगणात जरा जास्त वेळ रेंगाळतो. माहुलीच्या किल्ल्यावरचं धुकं उन्हं चांगली वर आली तरी हलत नाही, ते बघायचं हे एक निमित्त. खरं कारण वास. वाळलेल्या उडदाच्या वेलांचा आणि शेंगांचा तो वास काही गोड नाही. धुळकट आहे, नाकात खाजवणारा आहे, दोन शिंका काढल्याशिवाय सोडत नाही. कवी लोक ज्या वासांवर लिहितात त्यांत तो कधी आला नाही आणि येईल असं वाटत नाही. मला मात्र तो आला की त्याबरोबर पेट्रोलचा आणि चहाच्या भुकटीचा वासही आल्यासारखा वाटतो. घरातली माणसं म्हणतात, वय झालं.

परवा माझी नात आली होती. तिची गाडी फार शहाणी आहे. समोर एक आकडा उजळतो, लिटरमागे किती किलोमीटर पडतात त्याचा. पाय जरा जोरात पडला की आकडा घसरतो आणि ही पोरगी स्वतःशीच चुकचुकते. किन्हवलीच्या रस्त्याला लागल्यावर मला राहवेना. म्हटलं, "पाय हलका ठेव. चढ लांबून दिसतो ना, मग आधीच तयारीत राहा. ऐन चढावर दाबू नकोस."

ती हसली. "आबा, तुम्हाला सायकलपलीकडे काही येत नाही आणि मला गाडी शिकवता?"

"बाई गं," मी म्हटलं, "मी या कामाचा पगार घेतलाय."

खरंच घेतलाय. महाराष्ट्र नुकताच वेगळा झाला होता, मैल जाऊन किलोमीटर यायचे होते आणि गॅलन जाऊन लिटर, आणि कुणालाच कशाचा नीट हिशेब लागत नव्हता, ते दिवस. मी एका चहाच्या कंपनीच्या शहापूर डेपोत कारकून होतो. डेपो म्हणजे बाजारपेठेच्या टोकाला पत्र्याचं एक गोदाम, पुढे ओटा, बाजूला चिंच. कंपनीच्या तीन व्हॅन होत्या. एक खर्डी-कसाऱ्याकडे जायची, एक वाशिंदकडे, तिसरी किन्हवली-सरळगाव करत मुरबाडला. चहाचे पुडे दुकानांत टाकायचे, आठवड्याच्या बाजारात गाडी उभी करून स्टोव्ह पेटवायचा आणि लोकांना फुकट चहा पाजायचा, हा धंदा. वाड्यावस्त्यांवर चहाची सवय अजून नीट लागायची होती. म्हातारी माणसं कप तोंडाला लावून म्हणायची, "औषध चांगला हाय, पन आजारी कोन हाय?"

तर एक दिवस वरच्या हपिसातून छापील पत्रक आलं. पेट्रोल परदेशातून येतं, थेंब थेंब मोलाचा, व्हॅनचालकांना जपून चालवण्याची गोडी लावावी. दटावून नव्हे, समजावून. प्रत्येक डेपोत एका माणसाकडे हे काम द्यावं. आमचे मॅनेजर प्रधानसाहेब पत्रक वाचून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे." एवढ्या लायकीवर मी पेट्रोल वाचवण्याचा शिक्षक झालो. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर तरी बसलेला असतो. मी स्टिअरिंगला हातही लावला नव्हता.

पण मला शिकवायची हौस होती, ती मुळातच आहे. सोमवारी सकाळी चिंचेखाली तिघा ड्रायव्हरांना बसवून मी पत्रक वाचून दाखवलं. टायरात हवा पुरी असावी. गिअर वेळेवर बदलावा. पाय मऊ असावा. पाय मऊ म्हणजे किती मऊ, हे मला सांगता येईना. तेव्हा घरून पितळी फुलपात्र आणलं, पाण्याने काठोकाठ भरून स्टिअरिंगच्या पुढच्या फळीवर ठेवलं आणि म्हटलं, पाणी सांडलं नाही म्हणजे पाय मऊ. ही माझी स्वतःची अक्कल. तिचा मला आजही थोडा अभिमान आहे.

वाशिंदच्या गाडीवरच्या बाबूने पहिल्याच वळणावर स्वतःची मांडी भिजवली. कसाऱ्याच्या गाडीवरच्या सखारामने चतुराई केली: निम्मं पाणी पिऊन टाकलं, मग गाडी सुरू केली. मुरबाडची गाडी दामू भोईरची. दामू चाळिशीचा, बुटका, मानेवर कायम एक रुमाल. बोलणं कमी. तो डेपोतून निघाला, पेठ ओलांडून दगडी पुलापर्यंत गेला, वळवून परत आला. फुलपात्र जसंच्या तसं. पाण्याला एक सुरकुती नव्हती.

"कुठे शिकलास रे दामूभाऊ?" मी विचारलं.

"आपसूक येतंय मास्तर," तो म्हणाला आणि गाडीच्या मागे जाऊन पुडे लावायला लागला.

त्या दिवसापासून मी सगळ्यांचा मास्तर झालो. पुढे पंचवीस वर्षं नोकरी केली, दोन बढत्या घेतल्या, पण शहापुरात मास्तरच राहिलो.

आता गंमत बघा. महिना संपला. कोणत्या गाडीला गॅलनमागे किती मैल पडले याचा तक्ता मी सुवाच्य अक्षरात भिंतीवर लावला. वरच्या हपिसाने सांगितलं होतं, कार्तिक ते माघ असा हंगाम धरा, जो पहिला येईल त्याचा सत्कार करा, जो शेवटी राहील त्याची गाडी काढून दुसऱ्याला द्या. बाबू मध्ये होता. सखाराम पहिला, कारण हा गृहस्थ कसाऱ्याचा घाट इंजिन बंद करून उतरत होता. ते कळल्यावर मी त्याला असा झापला की त्याने कानाला खडा लावला. आणि सगळ्यात शेवटी, लाजिरवाण्या फरकाने शेवटी, ज्याच्या फुलपात्रातलं पाणी हललं नव्हतं तो दामू.

प्रधानसाहेब वाईट माणूस नव्हते. मुंबईहून आलेले, इस्त्रीचे कपडे, नियमाला पक्के. तक्त्यासमोर उभे राहून त्यांनी चष्मा पुसला. "चालवतो चांगला, आणि पेट्रोल जातं. याचा अर्थ एकच. विकतो आहे."

मी म्हटलं, "दामू तसला नाही."

"मग तुम्ही त्याच्याबरोबर फिरा आणि कसला आहे ते मला लिहून द्या. पेट्रोल कुठे जातं हे या हंगामात समजलं पाहिजे. नाही तर गाडी जाईल, आणि मी त्याला नोकरीवरही ठेवू शकणार नाही."

दामू अकरा वर्षं हमाली करत, गाड्या धूत, मग ड्रायव्हरच्या शेजारी बसून बघत बघत त्या स्टिअरिंगपर्यंत पोचला होता. त्याच्या गावात पहिला ड्रायव्हर तो. गाडी गेली असती तर एक वेळ त्याने पुन्हा पोती उचलली असती. पण चोर म्हणून गेली असती तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि हे मला नीट कळत होतं.

म्हणून मी त्याच्या शेजारी बसून फिरायला लागलो. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. भातं कापून झालेली, खाचरांत नुसते धसकटांचे ओळीने उभे खुंट, बांधावर तुरीची पिवळी फुलं. झोडणीचे आवाज लांबून यायचे. सकाळी गार वारा, दहानंतर ऊन पाठीवर बसायचं. सरळगावच्या बाजारात दामू स्टोव्हवर चहा उकळायचा आणि मी कप विसळायचो. गाडीत पुड्यांचा कडवट वास भरून असायचा. दामू गाडी अशी चालवायचा की मला डुलकी यायची. परतल्यावर मी पेट्रोल मोजायचो तर गाडीला उत्तम मैल पडलेले. एक दिवस झाला, दोन झाले, तीन झाले, रोज उत्तम.

किन्हवलीच्या पुढे रस्त्यावर नुकतंच डांबर पडलं होतं. काळा कुळकुळीत, सपाट, त्या भागातला पहिला डांबरी रस्ता. त्यावर जागोजाग ठाकरांनी आणि कुणब्यांनी उडदाचे वाळलेले वेल पसरलेले असायचे, कुठे नाचणीची कणसं. मला वाटायचं, वाळत टाकलेत. दामू प्रत्येक वेळी गाडी रस्त्याच्या कडेला, खडीवर उतरवून त्यांना वळसा घालायचा. मी मनात म्हणायचो, किती जपतो लोकांच्या धान्याला! रस्त्याकडेला उभी असलेली माणसं आमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघायची, तेही मी पाहत होतो. पण बघणं आणि समजणं यांत अंतर असतं.

चौथ्या दिवशी ठाकरवाडीपाशी एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कंबरेला घट्ट लुगडं, हातात काठी, दातांपैकी दोनच शिल्लक. दामूने गाडी थांबवली. ही भागीबाय. वाडीत अहो-जाहोची रीत नव्हती. ती कलेक्टरलाही अरे म्हणाली असती.

"काय झाला रे दामू तुला?" ती कडाडली. "तीन दिस झाला बाजूनं पलतोस. तुजे चाकाला काटं टोचतात का आमचा उडीद?"

दामू समोर बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"येवडा थर लावून बसलूय आमी," ती म्हणाली, मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ह्यो कोन? ह्याच्यामुलं का?"

मी दामूकडे बघितलं. दामूने इंजिन बंद केलं आणि मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, आता कललाच हाय तर सांगतो."

सांगण्यासारखं फार नव्हतं. मातीच्या रस्त्यावर उडीद मळता येत नाही, दाण्यात माती जाते. डांबर पडलं आणि लोकांनी ते बघितलं. इतकं सपाट, इतकं टणक, शेणाने सारवायला नको, चोपायला नको. ठाकरवाडीने आपापसात ठरवून टाकलं की सरकारने यंदा गरिबांसाठी खळं दिलंय, किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत लांब. खळं आलं म्हणजे फिरायला बैल पाहिजेत. तेही दिसले, कंपनीची गाडी रोज जात होती. हे ठरवताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या उन्हात, त्या रस्त्यावर उभं राहून मलाही वाटेना. दामू पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने वेलांवरून जायचा, उलटा यायचा, पुन्हा जायचा. एकेका वाडीला सहा-सहा फेऱ्या. थर जाड पाहिजे, नाही तर दाणा फुटतो. ब्रेक लावायचा नाही, नाही तर चाक घासून दाण्याची भरड होते. पाय मऊ कुठे शिकलास, या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

"पण तू हे करतोस कशाला?" मी चिडून विचारलं. "तुझी नोकरी जाईल. साहेब तुला चोर समजतायत!"

चोर म्हटल्यावर तो दचकला. हे त्याला माहीत नव्हतं. तो स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिला. मग म्हणाला, "माजी आय दुसऱ्यांचा उडीद झोडायला जायची मास्तर. काठीनं. दिस उगवल्यापासून. मंग तिचा हात वर जाईना झाला. वेनी घालायला शेजारनीला बोलवायची. मी गाडीत बसून ह्या बायांच्या बाजूनं कसा जाऊ?"

मी खाली उतरलो, वेलांचा थर हाताने चाचपला जणू काही मला त्यातलं कळतं, आणि म्हटलं, "जा."

दामूने गाडी घातली. शेंगा फुटण्याचा तो आवाज! चटचट, चटचट, पसाभर लाह्या एकदम फुटाव्यात तसा. धुरळा उठला, मला सात-आठ शिंका आल्या आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या. काळे दाणे काळ्या डांबरावर दिसत नव्हते, मग भागीबायने वेल उचलून झटकले आणि ते सगळीकडे टपटपले. इतका वेळ दटावणारी ती बाई ओंजळ भरून माझ्यापुढे धरून उभी राहिली, एवढ्या आनंदात की वाटलं, आत्ताच हे सगळं पेरून पुन्हा उगवून दाखवेल.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी पडलो मास्तर. मी मळणी शिकवायला घेतली. दोन दिवस त्या रस्त्याने पायी फिरलो. वाडीच्या अलीकडे ओढ्यावरच्या मोरीकडे लांब उतार आहे. म्हटलं, बायांनो, सपाटीवर नको, या उतारावर पसरा. इथे गाडीला तसंही हळूच जावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवली की स्वतःच्या वजनाने उतरेल, पाय लावायला नको. आणि प्रत्येक वाडीने वेगळं नको, चारही वाड्यांनी इथेच एकापुढे एक पसरा. जाताना एक फेरी, येताना रिकामी गाडी चढताना दुसरी. वेल मधे उलटून ठेवा. सहा फेऱ्यांचं काम दोन फेऱ्यांत. दामूने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "मास्तर, तुमी ड्रायव्हर पायजे होतात."

आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत ही मी वरच्या खणात ठेवली आहे.

पौष लागेपर्यंत दामू तक्त्यावर दुसरा आला. मी मोठ्या खुशीत तक्ता घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ते म्हणाले.

"कसं काय साहेब?"

"तुम्ही शेजारी बसलात आणि पेट्रोल जायचं थांबलं. आधी जात होतं ते कुठे? तोच ड्रायव्हर, तीच गाडी, तोच रस्ता. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. मी वाचवलेला थेंब न थेंब दामूच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला होता. साहेबांनी कागद पुढे ओढला. त्या कागदावर दामूचं नाव लिहिलं जाणार होतं, आणि खाली एक शब्द, जो त्याच्या मुलांनाही पुढे चिकटला असता. खरं सांगावं तर कंपनीच्या गाडीने लोकांचं धान्य मळलं, हाही गुन्हाच. शिवाय त्यात आता माझाही हात होता. माझं लग्न ठरलं होतं, ही नोकरी बघून ठरलं होतं. मी तिथे किती वेळ गप्प उभा होतो कोण जाणे. ती गप्प राहिलेली मिनिटं मला अजून बोचतात.

मग मी सगळं सांगितलं. उडीद, डांबर, उतार, माझी हुशारी, सगळं. साहेब ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कारकून, तुम्ही माझी थट्टा करता?"

"चला आणि बघा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब व्हॅनमध्ये पुढे बसले, मी मागे पुड्यांत. दामूला मी सकाळीच सांगितलं होतं की सगळं उघड केलंय. तो एवढंच बोलला, "चोर नाय म्हनलात ना? मंग बास." पण त्या दिवशी गाडीला पहिल्यांदा हिसका बसला आणि एक खोकं माझ्या डोक्यात पडलं.

उतारावर वेल पसरलेले होते. चारही वाड्यांच्या बाया, दोन-चार बाप्ये. साहेब उतरले. इस्त्रीची पँट, काळे बूट. ते त्या वेलांकडे असे बघत होते, जणू कुणी त्यांच्या टेबलावर जेवायला बसलंय. तेवढ्यात भागीबाय पुढे आली.

"ह्यो गाडीचा धनी का रे दामू?"

"कंपनीचे सायब हायेत," दामू पुटपुटला.

"मंग बरा झाला आला. किती दिस झाला वाट बघतूय," असं म्हणून तिने मागे हाक दिली. दोन बाया वाडीत गेल्या आणि बांबूची, शेणाने लिंपलेली एक कणगी दोघींत धरून घेऊन आल्या. वरचं झाकण काढलं. आत उडीद. साफ केलेला, पाखडलेला, काळाभोर, वर कडुनिंबाचा पाला.

साहेबांना काही समजेना. मलाही समजलं नव्हतं. दामूने मान वळवली होती.

"गाडीचा वाटा हाय," भागीबाय म्हणाली. "खल्यावर सुताराचा काढतात, लोहाराचा काढतात, बैलवाल्याचा काढतात. गाडी आमच्या खल्यावर फिरली, तिचा नको काढायला? दामूला दिला तर घेत नाय. बोलतो, गाडी माजी नाय, कंपनीची हाय, मी कसा घेऊ. मंग ठेवून दिला. पयल्या दिसापासून हाय बघ. येक दाना कमी नाय."

ज्या घरांत पौषातच पुढच्या पावसाळ्याची काळजी सुरू होते, तिथे ही कणगी दोन महिने तशीच राहिली होती, कंपनी येईल तेव्हा तिला द्यायला. प्रधानसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वाकून त्यांनी त्या कणगीतला मूठभर उडीद घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. "वाटा मिळाला," ते म्हणाले. "बाकीचा कंपनी तुम्हाला देते आहे. बी ठेवा."

परतताना गाडीत ते म्हणाले, "दामू, तुझ्याबद्दल मी वाईट बोललो. ते मी परत घेतो." दामूने एका हाताने रुमालाने तोंड पुसलं. पण साहेब शेवटी साहेब होते. पुढे म्हणाले, "गाडी तुझ्याकडेच राहील. पण आजपासून चाक कुणाच्या धान्यावर चढायचं नाही. वरून कुणी पाहिलं तर तूही जाशील आणि मीही. हा हुकूम आहे." तो चूक होता असं मला आजही म्हणता येत नाही. एखादं पोर त्या वेलांत लपलं असतं तर, हा विचार मला त्यानंतर कितीदा आला आहे.

दामूने हुकूम पाळला. उरलेल्या हंगामात तो गाडी खडीवरून नेत राहिला, आणि तक्त्यावर पहिला आला. सत्कार झाला. चिंचेखाली त्याला नारळ दिला, शाल दिली, साहेबांनी भाषण केलं, वरच्या हपिसाने माझंही कौतुक कळवलं. दामू शाल घडी करून काखेत धरून उभा होता, परक्या लग्नात आल्यासारखा. पेट्रोल वाचलं होतं खरं. पण ते कुठून वाचलं होतं हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्या उतारावर आता सकाळपासून काठ्यांचे आवाज येत होते.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याच्याबरोबर मुरबाडला निघालो होतो. जेवणाची वेळ झाली तेव्हा आम्ही मोरीपाशी होतो. भागीबाय एकटीच रस्त्याकडेला बसून उरलेला उडीद झोडत होती. काठी वर जायची, थांबायची, मग पडायची. तिने आमच्याकडे बघितलं, हात वर केला, रागावली नाही. हुकूम झाला हे तिला कळलं होतं. त्या न रागावण्याचं मला फार वाईट वाटलं.

दामूने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. भाकरीचं फडकं सीटवर ठेवलं, खाली उतरला, मानेवरचा रुमाल डोक्याला बांधला आणि म्हातारीच्या हातातली काठी काढून घेतली.

"अरे, तुला मनाई हाय ना?" ती म्हणाली.

"मनाई गाडीला हाय," दामू म्हणाला, "मला नाय."

आणि तो झोडायला लागला. ऊन कडक होतं. भागीबाय बाजूला बसून खांदा चोळत बघत होती. मी आत बसलो होतो, माझा डबा मांडीवर उघडा होता. थोड्या वेळाने तिने मान वळवून गाडीकडे पाहिलं.

"ए मास्तर," तिने हाक मारली, "तुलाबी मनाई हाय का रे?"

मी डबा बंद केला, कोट काढून सीटवर ठेवला आणि खाली उतरलो.